आईची हिरवी गाडी

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आईला आम्ही आमच्याकडे जुळे सोलापूर भागात आणलं. तिचं घर पहिल्या मजल्यावर, जिना उभा. आमचा फ्लॅट तळमजल्यावर. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज गुडघा वाकवायचा, थोडं थोडं चालायचं आणि बाकी वेळ गप बसायचं. यातलं शेवटचं आईला जमण्यातलं नव्हतं. ती हॉलमधल्या खुर्चीत बसून स्वयंपाकघर चालवायला लागली. "तेल तापलंय गं, वास यायलाय!" असं तिकडून ओरडायची. मी चिंचोळीला एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये काम करते. संध्याकाळी घरी आले की आधी कामवालीच्या दिवसभराच्या चुका ऐकायच्या आणि मग चहा.

टीव्ही लावून दिला, तर म्हणाली, "एकच बाई किती येळा जिन्यावरनं पडती? बंद कर." माझा नवरा कॉलेजात शिकवतो, त्याचा प्रत्येक दुखण्यावर मोबाइलचा इलाज असतो. त्याने तिच्या हातात फोन देऊन रंगीत गोळ्या फोडायचा गेम लावला. तासाभराने आईने फोन परत केला. "जावईबापू, हे न्हाय जमायचं. जरा हात बसला की मधीच एक पोरगी येऊन तुमचे केस गळतात का म्हणून विचारती. माझे केस गळतात का न्हाय, हिला काय करायचंय?"

आणि मग माझ्याकडे वळून, इतकी वर्षं दाबून ठेवलेलं काहीतरी बोलावं तशी म्हणाली, "आमच्या हापिसातला गाडीचा गेम लाव की."

हा गेम मी ऐकून होते, पाहिलेला कधी नव्हता. माझ्या लहानपणी आई एका सूतगिरणीच्या ऑफिसात होती. तिथे पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला स्वतंत्र खोली, एसी आणि मखमली झाकण मिळालं. चपला बाहेर काढून आत जायचं. तो शिकायला दोघींना निवडलं. एक माझी आई आणि दुसरी तिच्या शेजारच्या टेबलावरची, सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरातली तेलुगू बाई. तिला मी मावशी म्हणते. त्या दोघी मात्र एकमेकींना अक्का म्हणतात. आईच्या माहेरच्या कानडीत काय आणि मावशीच्या तेलुगूत काय, अक्का म्हणजे मोठी बहीण. म्हणजे दोघींच्याही मते दुसरी मोठी.

शिकवायला आलेल्या माणसाने बटणांवर हात बसावा म्हणून कॉम्प्युटरात एक गेम घालून दिला होता. वरून दिसणारा रस्ता, तळाशी आपली गाडी, समोरून येणारी रहदारी. धडक चुकवत जायचं आणि वाटेत डिझेलचे डबे उचलायचे. माणूस शिकवून निघून गेला, गेम राहिला. जेवणाच्या सुट्टीत दोघी डबे लवकर संपवून त्या थंड खोलीत जाऊन बसायच्या. साहेबांना वाटायचं, काय कामाच्या बायका आहेत!

"गेम हाय माझ्याकडं," आई म्हणाली. "गिरणी बंद पडली तवा फ्लॉपीवर उतरून घेतलाय."

ती फ्लॉपी तिच्या कपाटात, नेसायच्या नसलेल्या पण द्यायच्याही नसलेल्या साड्यांच्या खाली, एका रुमालात गुंडाळलेली सापडली. आता ती वाचायची कशाने? सात रस्ता चौकातल्या ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याने ती हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली आणि आपल्या बायकोला बोलावून दाखवली. मग म्हणाला, "मॅडम, हे वाचायचं यंत्र ऑनलाइन मागवा. माझ्याकडचं शेवटचं मी दार आपटू नये म्हणून खाली लावलं होतं, तेही तुटलं."

मागवलं. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर माझा लॅपटॉप, त्याला ते डबडं जोडलेलं, आणि आई खुर्ची ओढून शेजारी. फ्लॉपी आत सरकवली तसा घरघर, मग कर्र-कट, कर्र-कट असा आवाज सुरू झाला. नवरा आतून पळत आला, त्याला वाटलं मिक्सर बिघडला. आई मात्र डोळे मिटून ऐकत होती. "वाचायलंय," ती म्हणाली. "लई दिवसांनी हा आवाज आला."

एक सोडून सगळ्या फायली उतरल्या. त्या एकीपाशी यंत्र पुन्हा पुन्हा अडखळलं, शेवटी मी ती सोडून दिली. गेम तर आला होता. मी मोठ्या रुबाबात त्याच्या चिन्हावर दोनदा टिचकी मारली. पडद्यावर निळी चौकट आली. हा प्रोग्रॅम तुमच्या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही.

"का न्हाय चालत?" आई म्हणाली. "परवापरवापर्यंत तर चालत होता."

परवापरवा म्हणजे मी शाळेत होते तेव्हा.

नवऱ्याने समजावून सांगितलं की जुना कॉम्प्युटर वेगळा, त्याची भाषा वेगळी, आताच्या कॉम्प्युटरला ती कळत नाही. आईने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग दुभाष्या बघा की." अक्कलकोटकडच्या बाईला यात अवघड काहीच नव्हतं. तिच्या माहेरी एका ताटावर कानडी आणि मराठी दोन्ही बोलतात.

आणि दुभाष्या खरंच होता. जुन्या गेमच्या वेडाने झपाटलेल्या लोकांनी एक प्रोग्रॅम करून ठेवलाय. तो आजच्या कॉम्प्युटरच्या पोटात जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेतो. गेमला वाटतं, आपण आपल्याच काळात आहोत. तो मी फुकटात उतरवून घेतला. उघडला तर नुसता काळा पडदा आणि एक लुकलुकणारी रेघ. चित्रं नाहीत, बाण नाही, काही नाही. मी थांबले. आई पुढे झुकली.

"डी आय आर लिही," ती म्हणाली.

मी लिहिलं. फायलींची नावं भराभर खाली उतरली. मी आईकडे बघतच राहिले. हिला अजून व्हॉट्सअॅपवर फोटो पुढे पाठवता येत नाही.

"आता?" मी विचारलं.

"आता फॉरमॅट लिही."

"आई! फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून जातं!"

"व्हय का?" आई शांतपणे म्हणाली. "तरीच साहेब त्या दिवशी एवढे ओरडले होते."

त्यानंतर मी तिला विचारणं बंद केलं. इंटरनेटवर अशा लोकांचा एक चर्चेचा कट्टा आहे, तिथून वाचून वाचून गेम सुरू केला. गाडी दिसली, रस्ता दिसला, आईने हात पुढे केला, आणि तेवढ्यात खेळ संपला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. पडद्यावर एक थरथर उठायची आणि लगेच 'खेळ समाप्त'.

"मी हात बी लावला न्हाय!" आई म्हणाली.

मी कट्ट्यावर माझी अडचण मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिली. कुठल्या तरी थंड देशातल्या माणसाचं उत्तर आलं. त्याने आधी विचारलं की वेग किती ठेवलाय. मी म्हटलं, सगळ्यात जास्त. लॅपटॉप चांगला आहे, मग कशाला कमी ठेवू? त्याने हसरं तोंड पाठवून सांगितलं की त्या काळच्या गेमना घड्याळ नसायचं. कॉम्प्युटर जितका पळेल तितका गेम पळणार. तुझ्या लॅपटॉपवर तुझी आई ताशी काही हजार मैलांनी निघाली आहे. हळू कर. अमुक बटण दाबलं की वेग कमी, तमुक दाबलं की जास्त.

मी दाबत गेले. गाडी दिसेनाशी होती ती दिसायला लागली, मग ओळखू येईना ती ओळखू यायला लागली, आणि एकदाची माणसात आली. रस्ता काळा, झाडं निळी, गाडी गुलाबी. मी वळून आईकडे पाहिलं. मला वाटलं होतं, ती खूश होईल.

"ही कुणाची गाडी?" ती म्हणाली.

"तुझीच की."

"माझी हिरवी होती."

"आई, याच फ्लॉपीतली आहे."

"असंल. माझी न्हाय."

पुन्हा कट्टा. थंड देशातल्या माणसाला आता माझ्या आईत रस वाटायला लागला होता. त्याने विचारलं, गाडीच हिरवी होती की सगळंच हिरवं होतं? मी आईला विचारलं. "सगळंच," ती म्हणाली. "अक्षरं हिरवी, रस्ता हिरवा. दुपारपतूर आमी बी हिरव्या दिसायचो." म्हणजे गिरणीने रंगीत पडद्याचे पैसे वाचवले होते. गेममध्ये रंग पहिल्यापासून होते, आईने ते कधी पाहिलेच नव्हते. दुभाष्याला हिरव्या पडद्याचंही सोंग घेता येतं असं निघालं. एक ओळ बदलली आणि लॅपटॉपचा तो झगझगीत पडदा शेवाळासारखा झाला. मला वाईट वाटलं. आई म्हणाली, "हां. आता कसं!"

तरी गाडी हलेना. बघते तर आईची बोटं लॅपटॉपच्या उजव्या कडेच्या बाहेर, टेबलावर, पटापट पडत होती. तिथे कधीकाळी आकड्यांची बटणं असायची. तिचा हात थेट तिथेच गेला होता आणि ती टेबलाचं लाकूड दाबत होती. संध्याकाळी नवरा स्कूटरवरून सात रस्त्याला जाऊन आकड्यांची बटणं असलेला जाडजूड कीबोर्ड घेऊन आला. दुकानदाराने विचारलं म्हणे, ऑफिसला हवाय का? नवरा म्हणाला, सासूबाईंना ड्रायव्हिंगला हवाय.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात शांतता पसरली. कामवालीच्या चुका होईनाशा झाल्या. आई सकाळी पेपर वाचून झाला की टेबलाशी बसायची. गाडी चालवायला हात पुरेसे होते, पण समोरून ट्रक आला की तिचा ऑपरेशनचा पाय आपोआप ब्रेक दाबायचा आणि रस्ता मोकळा दिसला की परत सरळ व्हायचा. तिने आयुष्यात कधी सायकलही चालवली नाही. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी गुडघा वाकवून पाहिला आणि म्हणाल्या, "छान! नेमानं करता वाटतं." आई म्हणाली, "करावंच लागतं, पुढनं ट्रक येतात."

एका सुट्टीच्या दुपारी माझा नवरा तिच्या मागून गेला. मी सोफ्यावर बसून हे सगळं बघत होते. त्याची चाहूल लागताच आईचं बोट वरच्या एका बटणावर गेलं आणि पडद्यावरची गाडी जाऊन आकड्यांनी भरलेला हिशेबाचा तक्ता आला. नवरा थबकला. "आई, हे काय करताय?" आई ताठ बसून म्हणाली, "कुटं काय? महिन्याचं जुळवायलेय."

त्याला खरं वाटलं. सोफ्यापाशी येऊन मला हळूच म्हणाला, "तुझ्या आई ग्रेट आहेत. या वयात हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवतात." तो आत गेल्यावर मी हसून हसून लोळले. गेममध्ये मुळातच एक चोरवाट होती. साहेब आला की ते बटण दाबायचं, खोटा तक्ता यायचा. गिरणी बंद झाली, साहेब निवृत्त झाले, पण आईचं बोट अजून कामावर होतं. जावयाला साहेबाचा मान मिळाला, एवढंच.

मग एक दिवस मी कारखान्यातून आले तर आई गाल फुगवून बसलेली.

"माझा नंबर कुटं गेला?"

गेम संपला की सगळ्यात जास्त गुण मिळवणाऱ्यांची नावं यायची. तिथे नुसत्या टिंबांच्या ओळी होत्या. आता माझ्या लक्षात आलं, यंत्र ज्या फायलीवर अडखळलं होतं तीच ही. मी आईला तसं सांगितलं. तिने ते मनाला लावून घेतलं. "पहिला नंबर माझा होता. वर माझं नाव, खाली अक्काचं. आता कोण इश्वास ठेवणार?"

"कोण विचारतंय आई तुला?"

"कोण न्हाय विचारलं तरी खरं ते खरं." तिने फोन उचलला. "थांब. अक्कालाच विचारते."

फोन स्पीकरवर होता म्हणून मला दोन्ही बाजू ऐकू आल्या. गुडघ्याची चौकशी झाली, मावशीच्या सुनेची झाली, मग आईने विषय काढला. पलीकडून मावशी एवढ्या मोठ्याने हसली की फोन टेबलावर हलला.

"तुझा पहिला? अय्यो! पहिला माझा होता गं अक्का. तुझा दुसरा. तू रोज डिझेल इसरायचीस."

"मी? मी इसरायची? तूच गाडी डाव्या कडंला घासत न्यायचीस!"

"कडंनं गेलं तर काय झालं? पोचायची की!"

पाच मिनिटांत दोघींचा आवाज चढला. मी मध्ये पडून म्हटलं, "मावशी, तुम्ही घरीच या. दोघी खेळून बघा." मला वाटलं होतं, ती नको म्हणेल. ती म्हणाली, "रविवारी येते. कीबोर्ड नीट पुसून ठिव म्हणावं."

रविवारी मावशी रिक्षाने आली, एका हातात सकिनालूचा डबा, ती तांदळाची कुरकुरीत चकली, आणि दुसऱ्या हातात स्वतःच्या बसायची उशी. दोघींनी दारातच एकमेकींना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मध्ये लग्नाकार्यात भेटी झाल्या होत्या, पण घाईतल्या. "बारीक झालीस," आई म्हणाली. "तू न्हाय झालीस," मावशी म्हणाली. आणि दोघी हिरव्या पडद्यासमोर बसल्या.

पाहुणी म्हणून पहिली पाळी मावशीची. तिने चष्मा सारखा केला, बटणांवर बोटं ठेवली आणि पहिल्याच ट्रकवर जाऊन आदळली. आई हसली. मग आईची पाळी. रोजच्या सरावामुळे ती जरा लांब गेली, पण शेजारच्या मावशीकडे बघण्याच्या नादात तीही आदळली. पुन्हा मावशी, पुन्हा आई. गाड्या फुटत होत्या आणि दोघींचे चेहरे उतरत चालले होते. मला आता आपण हे उगाच जमवलं असं वाटायला लागलं. त्या खोलीतल्या दोन तरण्या बायका जे सहज करायच्या, ते यांच्या बोटांना आता झेपत नव्हतं, आणि ते दोघींना एकमेकींसमोर कळत होतं.

थोड्या वेळाने पाणी आणायच्या निमित्ताने आई काठी टेकत स्वयंपाकघरात आली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ते वेगाचं बटण हाय न्हवं तुझं, जरा दाब की. अक्काला लई त्रास होतोय." मी जाऊन गुपचूप वेग उतरवला. मावशीची पाळी होती. तिची गाडी या वेळी एक ट्रक चुकवून गेली, दुसरा चुकवून गेली. मग तिने खेळता खेळताच मान तिरकी केली.

"कुणीतरी हळू केलंय."

आई छताकडे बघायला लागली. मी सगळं सांगून टाकलं. कॉम्प्युटर सोंग घेतो, त्याला हवं तेवढं हळू चालवता येतं, म्हटलं. मावशी रागावेल असं वाटलं होतं. तिने बोटं मोडली, उशी सरकवली आणि म्हणाली, "मग आदी का न्हाय सांगितलं? आणखी हळू कर!"

मी एक टप्पा उतरवला. "आणखी," आई म्हणाली. आणखी उतरवला. गाडी बैलगाडीसारखी निघाली. ट्रक इतके निवांत यायचे की त्यांना हात दाखवून थांबवता आलं असतं. मावशी म्हणाली, "चालु, चालु!"

चालू म्हटल्यावर मी एकदम वेग वाढवला. गाडी सुसाट सुटली, मावशी किंचाळली, गाडी फुटली.

"चालु म्हटलं की गं! साकु! पुरे!" आई ओरडली. "तेलुगूत चालु म्हणजे पुरे! सोलापुरात जलमलीस आन् एवढं कळंना?"

मला कळायला हवं होतं, खरंच. पण मावशी दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागली होती, डोळ्यांतून पाणी, उशी खाली पडलेली, आणि तिचं बघून आईही. नवरा आतून डोकावला तशी आईने हसत हसतच ते बटण दाबलं आणि पडद्यावर हिशेबाचा तक्ता आला. "अय्यो, साहेब आले!" मावशी म्हणाली, आणि दोघी पुन्हा सुटल्या. नवऱ्याला त्या दिवशी सगळं समजलं. आधी का नाही सांगितलंस म्हणून तो चार दिवस माझ्याशी भांडत होता.

त्या रविवारी मावशी जिंकली. फार नाही, डिझेलच्या एका डब्याने. यादीत पहिलं नाव तिचं लागलं. आई म्हणाली की कीबोर्डची बटणं ताठर आहेत. मावशी म्हणाली की बटणं तिलाही तीच होती. गिरणीत पहिला नंबर कुणाचा होता, यावर दोघींचं एकमत झालं नाही, होणारही नाही. पण मावशी निघाली तेव्हा आई तिला सोडायला फाटकापर्यंत गेली आणि रिक्षा वळेपर्यंत तिथेच उभी राहून तिला डिझेलवरून सुनावत होती.

आई आता तिच्या घरी परत गेली आहे. जिना चढते, हळू चढते, पण चढते. माझ्या नवऱ्याने त्याच्या कॉलेजमधला टाकून दिलेला एक कॉम्प्युटर रीतसर परवानगी काढून तिच्याकडे नेऊन बसवला. त्यावर मी सगळं पुन्हा मांडून दिलं, हिरव्या पडद्यासकट. मावशी दर गुरुवारी रिक्षाने तिकडे जाते. वेगाचं बटण एकटीने दाबायचं नाही, दोघींनी हो म्हटलं तरच, असा त्यांचा आपसात ठराव आहे. दर काही आठवड्यांनी वेग एकेक टप्पा वर चढतो. थंड देशातल्या त्या माणसाला मी हे कळवलं, तर त्याने विचारलं, सध्या कोण पुढे आहे?

मी आईला फोन केला. पाठीमागून मावशीचा आवाज येत होता.

"सांग त्याला," आई म्हणाली, "मीच हाय पुढं."

"खोटं!" पाठीमागून मावशी.

"तू गाडीकडं बघ! ट्रक आलाय पुढनं!" आई ओरडली आणि तिने फोन ठेवला.